दप्तराबाहेरचे पाणी

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली आणि लातूरची टंचाई देशभर गाजली. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत पाच लाख लिटर पाणी होते. पुढे वाघिणी पन्नास झाल्या आणि एका खेपेला पंचवीस लाख लिटर कृष्णेचे पाणी येऊ लागले. ऑगस्टपर्यंत चाललेल्या या ‘जलदूत’ने लातूर जगवले, असे तेव्हा म्हटले गेले आणि आजही म्हटले जाते. यावर साधा भागाकार करून पाहावा. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या ३ लाख ८३ हजारांच्या घरात होती. पाच वर्षांत ती चार लाखांवर गेली असे धरले, तर पूर्ण भरलेल्या गाडीचे पाणी माणशी जेमतेम सहा लिटर पडते. सहा लिटरमध्ये पिणे आणि काटकसरीने स्वयंपाक होतो. मग धुणे, भांडी, अंघोळ, संडास, दवाखाने, शिकवण्यांसाठी आलेल्या हजारो मुलांची वसतिगृहे हे सगळे कशावर चालले? डोंगरगावच्या बंधाऱ्यातून आणि माकणीच्या निम्न तेरणा प्रकल्पातून टँकर येत होते, हे खरे. पण नळ बंद पडलेल्या शहराचा रोजचा संसार ओढला तो बोअरनी: अंगणातल्या, अपार्टमेंटच्या पार्किंगमधल्या आणि शहराभोवतीच्या शेतांतल्या, जिथे खासगी टँकर रांगेने भरले जात. रेल्वेच्या पाण्याचा लिटरनिशी हिशेब राहिला. टाक्यांभोवती गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदीचे १४४ कलम लागले, त्याचाही आदेश दप्तरी आहे. बोअरच्या पाण्याचा मात्र कागद नाही.

हा कागद का नाही, याचे उत्तर दुष्काळात सापडत नाही. ते इतिहासात शोधावे लागते. लातूर आणि नांदेड या दोन शहरांच्या पाण्याची गेल्या शंभर वर्षांची कहाणी ही माझ्या मते कमी पावसाची जेवढी आहे, त्याहून अधिक एका वाटणीची आहे. जमिनीवरचे पाणी सरकारचे झाले. त्याला धरण, अभियंता, पाणीपट्टी आणि आरक्षण मिळाले. जमिनीखालचे पाणी ज्याची जमीन त्याचे राहिले. त्याला ना अधिकारी, ना मीटर, ना पंचनामा. निसर्गात मात्र अशी वाटणी नाही. नदीत उन्हाळ्यात वाहणारे पाणी मुरमातून झिरपून आलेले असते आणि विहिरीचा पाझर ओढ्याच्या पाण्यावर टिकतो. एकाच पाण्याचे दोन भाग करून त्यातला एकच सांभाळायचा, असे धोरण आपण स्वीकारले, आणि तेही कधी उघडपणे न ठरवता.

मराठवाड्याच्या खडकात ही चूक लपून राहत नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरत गेले आणि दुरडीत भाकरी रचाव्यात तसे ते आजही एकमेकांवर बसलेले आहेत. प्रत्येक थराचा वरचा भाग सच्छिद्र आणि झिजलेला, विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो; खालचा भाग घट्ट काळा पाषाण. पाणी मुख्यतः वरच्या मुरमात आणि मांजऱ्यात, साधारण पन्नास-साठ फुटांच्या आत साठते. तेही फार नाही. शंभर घनमीटर मुरूम पाण्याने पूर्ण भरलेला असला तरी उपसता येते ते दोन-तीन घनमीटर. त्याखाली गेलात तर भेगा लागल्या तर लागल्या, नाहीतर नुसती भुकटी उडते. नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेला, देगलूर-बिलोलीकडे, बेसाल्ट संपून ग्रॅनाइट लागतो; तिथेही खोलवरचे पाणी भेगांवरच अवलंबून. उत्तर भारतातल्या गाळाच्या मैदानात शेकडो फूट पाणी धरून ठेवणारे थर असतात, तसे इथे काही नाही. इथला भूजलाचा साठा वर्षाच्या पावसाबरोबर भरणारा आणि वर्षाच्या उपशाबरोबर संपणारा आहे, म्हणजे त्याचा हिशेब दर वर्षी करावा लागणारा आहे.

जुन्या लोकांनी हा हिशेब केला होता का? कागदावर नाही, पण त्यांच्या बांधकामांत आणि साधनांत तो होता. कंधारला राष्ट्रकूटांच्या काळातला जगत्तुंग समुद्र आजही आहे. तलावाच्या खालच्या अंगाला विहिरी असत आणि तलाव भरला की त्या पाझरत. गावोगावच्या बारवांना पायऱ्या होत्या. चैत्रात पाणी किती पायऱ्या खाली गेले, हे पाणी भरायला आलेल्या प्रत्येक बाईला दिसत होते. लातूरला लागून असलेल्या बीदरमध्ये बहमनी सुलतानांच्या काळात भुयारी करेझ खोदला गेला. जमिनीतल्या पाण्याच्या पातळीला छेद देणारा बोगदा, त्यावर ठिकठिकाणी उभ्या विहिरी, आणि पाणी आपल्या उताराने शहराकडे येणारे. करेझमधून पातळीपेक्षा जास्त पाणी काढताच येत नाही. पातळी खाली गेली की धार आपोआप बारीक होते. शेतीच्या विहिरीवर मोट होती. तिचीही मर्यादा बैलांच्या ताकदीची आणि धावेच्या लांबीची. भावकीच्या विहिरीत हिस्से असत, पाळ्या ठरलेल्या असत, आणि त्या हिश्शांवरून होणारी भांडणे पिढ्यान्‌पिढ्या चालत. भांडण होते याचा अर्थ हिशेबही होता.

इथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. बारवांची ही स्तुती करणाऱ्याला विचारले पाहिजे, त्या पायऱ्या कोणाला उतरता येत होत्या? गावच्या पाणवठ्यावर दलितांना जागा नव्हती. वरून कुणी ओतेल तेवढे पाणी घ्यायचे. दुसरे म्हणजे नारू. पायऱ्यांच्या विहिरीत माणसे पाय बुडवून घागर भरत, त्यातूनच नारूच्या अळ्या पाण्यात जात आणि पुढच्या माणसाच्या पोटात. निजामी राजवटीत विहिरी खोदण्यासाठी वेगळे खातेच होते आणि नारूचा पाणवठा बंद करणे हे त्यामागचे मोठे कारण होते. ऐंशीच्या दशकात देशभर नारू निर्मूलनाची मोहीम निघाली आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला, त्यात पायऱ्या बुजवण्याचा आणि हातपंप बसवण्याचा वाटा मोठा आहे. तेव्हा बारव गेली याचे दुःख करत बसणे मला अप्रामाणिक वाटते. हातपंपाने अनेक वस्त्यांना प्रथमच स्वतःच्या दारात, कुणाची मेहेरबानी न घेता, स्वच्छ पाणी दिले.

ती हातपंपाची गोष्टही मराठवाड्यातलीच आहे. खडकात हवेच्या दाबाने हातोडा मारत भोक पाडणारी यंत्रे साठच्या दशकात दुष्काळी भागांत आली, तेव्हा जालन्यात स्कॉटिश मिशनच्या मंडळींनी त्या भोकांवर टिकेल असा पंप तयार केला. तो जालना पंप आणि सोलापुरात बनलेला सोलापूर पंप यांच्या अनुभवातून पुढे ‘इंडिया मार्क २’ हा हातपंप घडला आणि तो आफ्रिकेपर्यंत गेला. १९७२ च्या दुष्काळात या यंत्रांना सुगीच आली. त्याच सुमारास राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली. तिच्या नावात ‘विकास’ आहे, आणि पहिली वीस वर्षे तिच्याकडून अपेक्षा होती ती पाणी शोधून देण्याची. रोजगार हमीतून पाझर तलाव झाले, पुढे जवाहर विहिरी झाल्या. खोदण्यासाठी अनुदान, मोटारीसाठी कर्ज, वीज हॉर्सपॉवरवर ठरलेल्या दराने, मग मोटार दोन तास चालो की वीस. प्रत्येक निर्णय आपल्या जागी लोकोपयोगीच होता. हातपंपाचा दांडा मारून मिनिटाला दहा-बारा लिटर पाणी निघते आणि हात दुखला की माणूस थांबतो. त्याच सहा इंची भोकात सबमर्सिबल सोडली की थांबवणारे काही उरत नाही. भोक तेच राहिले; उपशाची मर्यादा तेवढी गेली आणि ती गेल्याची नोंद कुठेच झाली नाही.

शहरांचे म्हणाल तर त्यांनी विहिरीकडे पाठ फिरवली ती नळ आल्यावर. लातूरची वाढ पाण्यामुळे झालेली नाही. ती बाजारामुळे झाली. बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद फाटा १९११ मध्ये लातूरला पोहोचला आणि १९२७ मध्ये तीच कंपनी मिरजेपर्यंत गेली. कापूस, तेलबिया, डाळी यांची आवक-जावक वाढली आणि गंजगोलाईभोवती व्यापारी पेठ उभी राहिली. (पुढे रुंद झालेल्या याच मार्गाने शंभर वर्षांनी पाणी यावे, हे त्या कंपनीच्या कुठल्याच नफातोट्याच्या कोष्टकात बसले नसते.) १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाला, मग शिक्षणाचा ‘लातूर पॅटर्न’ आला. मांजरेवरचे साई आणि नागझरीचे बंधारे पुरेनात तेव्हा बीड जिल्ह्यातल्या धनेगावच्या मांजरा धरणातून नळ आणला गेला. जलवाहिनी आली आणि शहराच्या आडांची, विहिरींची मालकी जणू संपली. काहींत कचरा गेला, काही बुजवून वर इमारती उभ्या राहिल्या. नगरपालिकेच्या लेखी शहराचे पाणी म्हणजे धरणातून येणारे पाणी. ते आठ-दहा दिवसांतून एकदा येऊ लागले तेव्हा लोकांनी मधले दिवस बोअरवर काढले, आणि त्यामुळेच आठ-दहा दिवसांनी येणारा नळ राजकीयदृष्ट्या खपून गेला. बोअर हा शहराचा दुसरा पाणीपुरवठा होता. त्याचा खर्च नागरिकांचा, त्याची जोखीमही नागरिकांची, आणि तो आटला की दोष पावसाचा.

कायद्याने काही केले नाही असे नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून रूढ झालेली समजूत अशी की, आपल्या जमिनीखालचे पाणी उपसणे हा मालकाचा हक्क. या समजुतीला महाराष्ट्राने १९९३ मध्ये पहिल्यांदा चिमटा काढला. सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून पाचशे मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेऊ नये, असा नियम आला. मग २००९ चा महाराष्ट्र भूजल अधिनियम झाला. तो अमलात यायला २०१४ चा जून उजाडला, आणि नियमांचा मसुदा लोकांपुढे आला २०१८ मध्ये. साठ मीटरपेक्षा खोल विहिरीला त्यात ‘खोल विहीर’ म्हटले आहे आणि तिच्यावर निर्बंध आहेत. साठ मीटर म्हणजे दोनशे फूट. याच काळात लातूरभोवती सात-आठशे फुटांचे बोअर घेतले जात होते आणि हजार फुटांच्या गोष्टी कुणाला नवलाच्या वाटत नव्हत्या. याहून बोलकी आहे ती टंचाईतली ‘अधिग्रहण’ ही पद्धत. उन्हाळ्यात गावाचा स्रोत आटला की तहसीलदार एखाद्या शेतकऱ्याची विहीर किंवा बोअर अधिग्रहित करतो आणि त्याला दिवसाप्रमाणे मोबदला देतो. म्हणजे सार्वजनिक विहिरीच्या आसपास खोल बोअर घेऊन जो पाणी ओढतो, त्याच्याकडूनच ते पाणी सरकार उन्हाळ्यात पैसे मोजून परत घेते. यात शेतकऱ्याची लबाडी नाही. व्यवस्थेने पाण्याची मालकी जशी ठरवली, तसाच तो वागतो.

दुसरा आक्षेप असा की, हा सगळा मालकीचा विचार फार सूक्ष्म झाला. खरा दोषी समोर उभा आहे, ऊस. मांजरा खोऱ्यात ऐंशीच्या दशकापासून सहकारी साखर कारखानदारी वाढली. हेक्टरी दोन-अडीच कोटी लिटर पाणी पिणारे पीक साडेसातशे-आठशे मिलिमीटर पावसाच्या प्रदेशात रुजले, हे नाकारण्याचे कारणच नाही. पण ऊस वाढतो कशाने, हे पाहिले पाहिजे. नुसत्या कालव्यावर तो असता तर धरण रिकामे झाले त्या वर्षी तो संपला असता, कारण कालव्याचे आवर्तन बंद करण्याचा अधिकार कुणाकडे तरी आहे. २०१२ पासूनच्या वाईट वर्षांत जो ऊस उभा राहिला तो बोअरवर, आणि त्याचे आवर्तन बंद करणारे कुणीच नव्हते. ज्याला हमीचा भाव फक्त उसाला मिळतो आणि ज्याच्या पाण्याला मोजमाप नाही, तो शेतकरी दुसरे काय लावील? २०१७ मध्ये राज्याने उसाला ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला. ठिबकने प्रत्येक एकराचे पाणी वाचते. पण उपशाला मर्यादा नसेल तर वाचलेल्या पाण्यावर आणखी एक एकर ऊस उभा राहतो. तेव्हा ऊस हे कारण आहे, पण ते दुसऱ्या पायरीवरचे.

आता नांदेड. तिथला पाऊस लातूरपेक्षा बरा, उशाला गोदावरी, आणि शंकरराव चव्हाणांच्या आग्रहातून उभा राहिलेला विष्णुपुरीचा जलाशय. आपले शहर लातूर होणार नाही, हा नांदेडकरांचा विश्वास समजण्यासारखा आहे. गुरुद्वाऱ्यात आजही रोज गोदावरीची घागर नेली जाते. नदी इथल्या जीवनात किती मुरलेली आहे, हे वेगळे सांगायला नको. पण विष्णुपुरीचा उन्हाळा पाहावा. जलाशय खाली जाऊ लागला की काठावरच्या शेतीपंपांची वीज तोडली जाते, पथके फिरतात, मोटारी जप्त होतात, आणि उत्तरेकडच्या भागासाठी पैनगंगेवरच्या ईसापूर धरणाचे पाणी आसना नदीत सोडावे लागते. जलाशयातला पंप बंद करण्याची ही हुकमत काठापासून काही अंतरावर, शेतात घेतलेल्या बोअरपाशी संपते, जरी भेग जलाशयाकडूनच आलेली असली तरी. शहराच्या नव्या वसाहती नळ पोहोचण्याआधी बोअरवरच उभ्या राहतात. २०११ मध्ये साडेपाच लाख लोकसंख्या असलेले हे शहर दोन्ही बाजूंनी पसरते आहे. लातूरला नदी लहान म्हणून वाटणीचा तोटा आधी दिसला. नांदेडला नदी मोठी म्हणून तो झाकला गेला. फरक दैवाचा आहे, व्यवस्थापनाचा नाही.

याला उत्तर म्हणून सरकारी बाजूने सांगितले जाते की पातळी मोजली जाते. बरोबर आहे. भूजल यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत आणि वर्षातून चार वेळा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये, त्यांची पातळी घेतली जाते. टंचाईचे आराखडे याच आकड्यांवर बेततात. मात्र यांतल्या बहुतेक निरीक्षण विहिरी जुन्या, उघड्या, खोदीव विहिरी आहेत. त्या वरच्या मुरमातले पाणी दाखवतात. उपसा चालतो तो पाचशे फुटांखालच्या भेगांतून. चांगल्या पावसानंतर विहिरीची पातळी वर येते, आराखड्यात तालुका सुरक्षित दिसतो, आणि फेब्रुवारीत त्याच तालुक्यातले बोअर उचक्या देऊ लागतात. खोल पातळी मोजणारे पीझोमीटर अलीकडे बसू लागले आहेत, पण त्यांची संख्या बोअरच्या संख्येपुढे नगण्य आहे. २०१९ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालेल्या अटल भूजल योजनेत महाराष्ट्रातले तेरा जिल्हे आले, त्यांत लातूर आहे, नांदेड नाही; आणि जिथे आहे तिथेही ती ग्रामपंचायतींसाठी. गावाने पाण्याचा ताळेबंद मांडावा, पिके त्याप्रमाणे ठरवावीत, ही तिची कल्पना हिवरे बाजारसारख्या गावात आधीच सिद्ध झालेली आहे. तिथे शेतीसाठी बोअर घेण्यावरच बंदी आहे. महापालिकेच्या हद्दीत मात्र असा ताळेबंद मांडायला कुणी बसलेले नाही, जणू शहराच्या डांबराखाली खडकच नाही.

शहरात हे अशक्य आहे, लाखभर घरांत जाऊन कोण मोजणार, हा शेवटचा आक्षेप. घरोघर जावे लागते असे मला वाटत नाही. बोअर आपोआप पडत नाही. त्यासाठी रिगची गाडी यावी लागते. या गाड्या बहुतांशी तमिळनाडूकडच्या, नामक्कल-तिरुचेंगोडच्या, हंगामात मराठवाड्यात मुक्कामाला असतात आणि स्थानिक एजंटामार्फत कामे घेतात. बोअरच्या मानाने त्यांची संख्या अगदी थोडी आहे. रिगचा दर फुटावर असतो, म्हणून किती फूट गेले हे प्रत्येक बिलात लिहिलेले असते. केसिंग किती घातले, म्हणजे मुरूम किती खोल आहे, तेही असते. पाणी कितव्या फुटाला लागले, हे चालकाला तोंडपाठ असते, कारण गिऱ्हाईक तेच विचारते. रिगमालकांची नोंदणी २००९ च्या कायद्यात आहेच. त्या नोंदणीला प्रत्येक बोअरचे बिल जोडायची अट घातली आणि महापालिकेने मालमत्ता कराच्या नोंदीत बोअरसाठी एक रकाना वाढवला, तर पाचेक वर्षांत लातूर आणि नांदेडखालच्या खडकाचा नकाशा तयार होऊ शकतो, आणि तो एकाही नव्या सर्वेक्षणाविना. कुठल्या वॉर्डात दोनशे फुटांत पाणी लागते आणि कुठे आठशे फूट जाऊनही भुकटीच निघते, ते त्यात दिसेल. आज ही माहिती पाणाड्याच्या अंदाजात, एजंटाच्या वहीत आणि परजिल्ह्यात निघून गेलेल्या गाडीच्या बिलबुकात विखुरलेली आहे.